माझी मान आणि र्युसेल्सहाइमचा वर्ग

आगगाडी जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमला थांबली तेव्हा धुक्यात मला फक्त कारखान्याची धुराडी दिसली. भोंगा झाला आणि मी दचकलोच. मी सांगलीच्या शाळेतला साधा इंग्रजीचा मास्तर. गावाने हार घालून, बँड लावून निरोप दिला होता. आता इथे नापास झालो तर परत जाऊन तोंड कुठे लपवायचं, हा एकच विचार मुंबईच्या धक्क्यापासून माझा पिच्छा पुरवत होता.

नोकरी फोल्क्सहोखशूलमध्ये (प्रौढांची संध्याकाळची शाळा) होती, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. नोकरी गेली की राहायचा परवाना गेला. घरमालकीण फ्राऊ (श्रीमती) लांग स्वभावाने भली, पण मला तिचीही धास्ती वाटे. एका रविवारी मी धोतर धुऊन गॅलरीत वाळत घातलं. ती धावत वर आली आणि तिने ते काढून माझ्या हातात दिलं. रविवारी इथे कोणी कपडे वाळत घालत नाही, हे मला पुढे कळलं. तोवर वाटत राहिलं की धोतरालाच बंदी आहे. त्या दिवशी तिने वाढलेला काळा पाव आणि उकडलेले बटाटे मी मुकाट्याने गिळले.

वर्गात चौदा जण होते. बहुतेक मोटारींच्या कारखान्यातले, माझ्याहून वयाने मोठे. पहिल्या बाकावर हेर (म्हणजे श्रीयुत) क्रामर, तिथले मुकादम. पोस्ट ऑफिस कुठे आहे, असं मी इंग्रजीत विचारलं. त्यांनी अगदी बिनचूक सांगितलं. मी खूश होऊन मान डोलावली, तर गृहस्थांचा चेहरा पडला आणि त्यांनी तेच वाक्य मोडून-तोडून पुन्हा म्हटलं. मग हे रोजचंच झालं. बरोबर उत्तर द्यायचं, माझ्याकडे बघायचं आणि ते बिघडवून टाकायचं. ही माणसं माझी टर उडवताहेत, अशी माझी खात्रीच पटली. लढाई पाहिलेले लोक. एका काळ्या मास्तराला पळवून लावायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

हळूहळू वर्ग रोडावला. चौदाचे नऊ झाले. शाळेचे प्रमुख म्हणाले, गुरुवारी मी येऊन बसतो, मग वर्ग ठेवायचा की नाही ते ठरवू. मी पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढून ठेवली.

बुधवारी वर्ग सुटल्यावर फ्राऊ बेकर ही टायपिस्ट बाई मागे थांबली. हातात रुमाल पिळत होती.

"हेर योशी," ती म्हणाली (जोशीचं इथे योशी झालं होतं), "आम्ही काहीही म्हटलं तरी तुम्ही 'नाही' का म्हणता?"

मी कधीच 'नाही' म्हटलेलं नाही, असं मी सांगितलं. तेव्हा तिने माझ्यासारखी मान दोन्ही खांद्यांकडे डोलावून दाखवली.

"हे आमच्याकडे 'नाही' असतं. क्रामर बायकोला म्हणतात, या वयात आता मला जमणार नाही. कारखान्यात हुकूम सोडतात, पण इथे यायला घाबरतात. आम्ही सगळेच घाबरतो."

मी खुर्ची ओढून बसलो. हसावं की रडावं, कळेना. ज्यांच्या धास्तीने मी ट्रंक बाहेर काढून ठेवली होती, त्यांचीही तीच गत मी करून ठेवली होती.

गुरुवारी प्रमुख मागच्या बाकावर बसले. मी मान ताठ ठेवायची शिकस्त केली, पण जन्माची खोड ती! क्रामरांनी उत्तर दिलं आणि मान डोललीच. वर्ग फ्राऊ बेकरकडे वळला. माझी मान डोलली म्हणजे होकार, हे तिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"गेनाऊ (अगदी बरोबर)," ती म्हणाली.

क्रामरांनी वाक्य बदललं नाही. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वर्ग टिकला आणि मीही टिकलो. भीती मात्र लगेच गेली नाही; पुढेही कितीतरी दिवस भोंगा झाला की मी दचकायचो.

दोन वर्षांनी परत आलो. मुंबईच्या धक्क्यावर माझे थोरले भाऊ अण्णा न्यायला आले होते. बॅग उचलता उचलता त्यांनी विचारलं, "तिकडची माणसं कशी असतात रे?"

"भित्री, अण्णा," मी म्हटलं. "माझ्यासारखीच."

अण्णांना वाटलं, मी थट्टा करतोय.