वाऱ्याला दिलेल्या शिव्यांचं भाषांतर

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, वसंतात, मी कॅम्पर गाडीत राहत होते. हे सांगितलं की लोक म्हणतात, "वा, काय मजा असेल." तेव्हाही म्हणायचे. मी हसायचे. आता वाटतं, हसायला नको होतं.

परदेशी शिकायला आले होते त्या ग्रोनिंगनमधली माझी खोली गेली, कारण मालकाने घर विकलं. दुसरी मिळेना. खोली नसलेले विद्यार्थी त्या गावात दर वर्षी असतात, तिथे त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. आल्मेरेला एका दिवाळीच्या फराळाला ओळख झालेली कोल्हापूरची एक ताई होती. तिचं ऑफिस स्लोटरडाइकला, पण ते बंद असल्यामुळे ती कुठूनही काम करायची. तिने फ्लॅट सोडून जुनी कॅम्पर घेतली होती आणि देशभर फिरत होती. म्हणाली, "ये की माझ्याकडं. तुझे वर्ग तरी कुठं वर्गात भरतात?"

ताईचे उपकार मी विसरत नाही. पण तिच्यासाठी ती हौस होती, माझ्यासाठी घर. कॅम्पर उभ्या करायच्या एका तळावर दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहू देत नसत आणि रस्त्याकडेला गाडीत झोपायला बंदी. म्हणून सतत पुढे जायचं. कोरोनामुळे तळांवरच्या न्हाणीघरांना कुलपं होती. एप्रिल उजाडला तरी गारा पडत होत्या, आणि वायव्येकडून वारा सुटला की अख्खी गाडी बोटीसारखी हलायची. ताई त्याचे व्हिडिओ काढायची. मी भांडी धरून बसायचे.

अशात परीक्षा आली. घरी बसून द्यायची, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची. दार बंद हवं, आत दुसरं कुणी नको, आवाज नको, चेहरा चौकटीबाहेर जायला नको. या विषयात नापास झाले असते तर त्या वर्षीची क्रेडिट्स कमी पडली असती, आणि मग विद्यापीठ ते इमिग्रेशनला कळवतं. म्हणजे परत जायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परत जाऊन काय सांगणार होते, याचा विचार मी करतच नव्हते.

मी आधी विचारलं होतं, हे मला इथे लिहायचंय. ग्रंथालयातल्या जागा भरलेल्या होत्या. विद्यापीठाच्या मदतकेंद्रातल्या मुलीला फोन करून म्हटलं, मला खोली नाही, मी गाडीत राहते, काय करू? ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग तुमच्या स्वतःच्या खोलीत द्या ना, तिथे शांतता असते." मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. त्या थँक यूचा मला अजून राग येतो.

परीक्षेच्या दिवशी आम्ही लाउअर्समेअरजवळ, समुद्राच्या बांधाखाली होतो. ताई रेनकोट घालून बाहेर गेली, म्हणाली, "तू निवांत लिही. मी मेंढ्या बघत बसते." अर्धा पेपर झाला आणि वाऱ्याने गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर उचललं. ताई ते गुंडाळायला धावली. गाडी एवढी हलली की लॅपटॉप घसरला, मी तो धरेपर्यंत कॅमेऱ्यात नुसतं छत. आणि खिडकीला लागून ताईचा आवाज, गारांच्याही वर. मी पेपर पुरा केला. उत्तरं येत होती.

आठवड्याने परीक्षा समितीचं बोलावणं आलं. चेहरा गायब, आणि त्याच वेळी परक्या भाषेत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. कुणी उत्तरं सांगितल्याचा संशय आहे. त्या व्यक्तीच्या बोलण्याचं शब्दशः भाषांतर सोबत आणा, आम्ही ते दुसऱ्याकडूनही तपासून घेऊ.

"ताई, तू नेमकं काय म्हणालीस?"

"मला काय आठवतंय? शिव्या काय मोजून देतो काय आपण?"

त्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. थांबवत थांबवत ऐकलं. गारांच्या ताशामागून ताई स्पष्ट ऐकू येत होती: "ए रांडेच्या, थांब की जरा! कुठं घेऊन चाललास मला? सोड, सोड म्हणते ना, मुडद्या!"

ताई हसून हसून बाकावर आडवी झाली. "जरा सभ्य करून लिही गं. 'हे वायुदेवा' असं काहीतरी."

"ते तपासून घेणार आहेत."

"मग तपासणाऱ्याची करमणूक होईल."

"ताई, मला हसू येत नाहीये," मी म्हटलं. तिच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. ती उठून बसली आणि म्हणाली, "बरं, लिही. मी म्हटलं तसंच लिही."

समितीचे तिघे पडद्यावर आपापल्या घरात बसले होते. प्रत्येकाच्या मागे भिंत आणि पुस्तकं. मी ते इंग्रजीत वाचून दाखवलं, 'वेश्येच्या पोरा'सकट. माझे कान तापले होते. अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं, "हे त्या कुणाला म्हणत होत्या?"

"वाऱ्याला."

कुणी हसलं नाही. त्यांनी थोडा वेळ आवाज बंद करून आपसात चर्चा केली. मग सांगितलं, कॉपीचा संशय मागे घेतोय, पण परीक्षास्थळ नियमाप्रमाणे बंद आणि शांत खोली नव्हतं, म्हणून परीक्षा रद्द. पुन्हा देता येईल, याच नियमांनी. तुम्ही आपल्या खोलीत का बसला नाहीत?

मी साधारणपणे अशा वेळी सॉरी म्हणते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी लॅपटॉप उचलला आणि त्यांना सगळं दाखवलं. शेगडी, पलंग, वाळत घातलेले मोजे, ताई. ताईने हात हलवला. "हीच माझी खोली," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे आधी विचारलं होतं. तुमचा नियम पाळायला खोली लागते, तर ती तुम्ही द्या. पुढच्या परीक्षेपर्यंत मी कुठून आणू?" माझं इंग्रजी मध्येच तुटलं, पण मी थांबले नाही.

अध्यक्ष म्हणाले, "बघतो." आणि खरंच बघितलं, हे कबूल करायला हवं.

जूनमध्ये विभागाच्या इमारतीत मला एक खोली उघडून दिली. पेपर चांगला गेला, पास झाले, देशात राहायचं परमिट टिकलं. पण लिहून झाल्यावर मी लगेच बाहेर पडले नाही. त्या मजल्यावरून चालत गेले. खोल्यांमागून खोल्या. टेबलं, खुर्च्या, लागायची वाट पाहणारे हीटर, काचेची बंद दारं. सगळा वसंत त्या तशाच रिकाम्या होत्या, आणि मी गारांमध्ये लॅपटॉप धरून बसले होते. मला कुणी तरी सांगायला हवं होतं की इथे ये. कुणालाही सुचलं नाही.

खाली ताई गाडी चालू ठेवून थांबली होती. "झालं ना? मग तोंड का असं?"

"वर खूप खोल्या आहेत," मी म्हटलं, आणि दार जोरात लावलं.