दहापैकी साडेचार

माझ्या मुलाची पत्रं मी लाल शाईनं तपासून, खाली गुण घालून, त्यालाच परत पाठवत असे.

हे मी दोन वर्षं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुवेतमध्ये दिवसभर मी एका व्यापाऱ्याच्या गोदामात सिमेंटच्या गोण्या आणि लोखंडी पाइप मोजत असे. संध्याकाळी मिरकाबमधल्या खोलीवर आलो की मोजायला काही उरत नसे. मग मी मुलाच्या चुका मोजत बसे.

मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, रत्नागिरीकडच्या खाडीकाठी, गावात, आईजवळ. मी तीन वर्षांतून एकदा दोन महिने घरी जाई. पहिल्या महिन्यात तो माझ्याशी पाहुण्यासारखा वागे, दुसऱ्या महिन्यात जरा रुळे, आणि तोवर माझी आगबोट सुटायची वेळ होई. पत्र लिहिण्याएवढा झाला तेव्हा त्यानं पहिलं पत्र पाठवलं, चांगलं दोन पानी. त्यात खाडी ओलांडणारी तर कशी कलंडली, फणस कसे खाडीत तरंगत गेले आणि छत्री वाचवायला गेलेले गुरुजी स्वतःच कसे कमरेएवढ्या पाण्यात उतरले, असं सगळं होतं. ते वाचून मी एकटाच खदखदून हसलो आणि डोळे पुसून लाल टाक उचलला. समास सोडलेला नाही. नमस्कार अपुरा. फणसांचा मजकूर विषयाला सोडून. दहापैकी साडेचार.

पाचव्या-सहाव्या पत्रापर्यंत पोरगा सुधारला. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्व कुशल आहोत. आपली कुशलता कळवावी. अभ्यास चालू आहे.' ताठ, टपोरं, शाईतलं अक्षर, एक डाग नाही. मी नऊ गुण दिले. एक राखून ठेवला, शेफारू नये म्हणून.

आता ही मास्तरकी करणारा मी कोण, तर दोनदा मॅट्रिक नापास. कुवेतमध्ये मात्र सगळ्यांना मी मॅट्रिक पास म्हणून माहीत होतो. समुद्र ओलांडताना माणूस थोडंफार सामान वाढवतोच. त्यात खोलीतला माझा जोडीदार निरक्षर, त्यामुळे माझी विद्वत्ता तपासणारं कुणी नव्हतं. तो आमच्याच गावचा. वरच्या अंगाला आमची वाडी, खाली खाडीलगत त्यांचा मोहल्ला. आधी आगबोटीवर आणि आता एका कंत्राटदाराच्या मेसमध्ये आचारी. मला तो मास्तर म्हणे. मी त्याला भाई म्हणे.

भाईच्या बायकोची पत्रं मी त्याला वाचून दाखवायची आणि त्याची उत्तरंही मीच लिहायची, असा आमचा रिवाज होता. इकडे वाचणारा मी, म्हणून तिकडून पत्र मराठीतच येई. आधी तिची पत्रं पोस्टमन लिहून देई. चार ओळी, जणू तारच. पण त्या दोन वर्षांत कुणी दुसराच लिहू लागला होता. पेन्सिलीचं धावतं, तिरकं अक्षर, समासाचा पत्ता नाही, आणि मजकूर असा की दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही पत्राची पारायणं करायचो.

'तुमची आई दिवसातून तीनदा विचारते, आगबोट कुठवर आली. मी म्हणते, निघाली. आज वर्ष झालं ती निघालेलीच आहे, पण म्हातारी रागावत नाही. म्हणते, वारा पडला असेल.'

हे वाचलं तेव्हा भाई कांदा चिरत होता, त्यामुळे त्याला डोळे पुसायला सबब होती. मला नव्हती. मी उठून दारात उभा राहिलो. शुक्रवारी दुपारी मिरकाबच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. दोन्हीकडे मातीच्या भिंती आणि मधे ऊन. भाईच्या शेळीला किती पिल्लं झाली, त्यातलं कोणतं लंगडतं, हे मला माहीत होतं. माझा मुलगा माझ्या खांद्याला लागतो की कोपराला, ते माहीत नव्हतं.

"कोण लिहितं रे ही पत्रं?" मी विचारलं.

"असंल कोणी. मोहल्ल्यात पोरं काय कमी हायत?"

मी त्यातलं एक पान उतरवून घेतलं आणि मुलाला पाठवलं. खाली लाल शाईत लिहिलं, 'पत्र असे लिहावे. लिहिणारा गावातलाच आहे. त्याला शोधून त्याच्याकडून शिकावे.' मुलाचं उत्तर आलं, 'आज्ञेप्रमाणे त्याला भेटलो. तो शिकवायला तयार नाही. आम्ही सर्व कुशल आहोत.' मी आठ गुण दिले.

सातवीच्या परीक्षेला तेव्हा फायनल म्हणत. मुलगा पहिल्यांदा नापास झाला तेव्हा मी हेडमास्तरांना हवाई टपालानं कळवलं की हाडं आमची, मांस तुमचं, बेलाशक झोडा. हेडमास्तरांचं उलट टपाली कार्ड आलं. 'मांसाचा मला उपयोग नाही. मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, तोंडी परीक्षेत तर दगड. घरी बोलतो का, ते कळवावे.' मला रागच आला. घरी बोलतो का हे मी कुवेतमधून काय सांगणार! ते कार्ड मी गादीखाली सारलं आणि उत्तर दिलं नाही.

त्याच सुमारास भाईच्या पत्रात ही एक गोष्ट आली. 'वरच्या वाडीतल्या एका पोराची गंमत ऐका. गुरुजी त्याला फळ्याशी उभा करतात. उत्तर त्याला येत असतं. पण मागून चाळीस पोरं बघतात, आणि उत्तर घशात माशाच्या काट्यासारखं अडकतं. गुरुजी म्हणतात, गाढवा, बस. तो बसतो. बसल्यावर काटा निघतो, पण तेव्हा कुणी विचारत नाही. त्या पोरानं काय करावं, तुमच्या मास्तरांना विचारून कळवा.'

मास्तरांना विचारून! माझी छाती फुगली. खरं सांगायचं तर वाचताना माझ्या स्वतःच्या घशात काहीतरी अडकलं होतं. हौदाच्या नळांचं गणित घेऊन मीही असाच फळ्याशी उभा होतो. उत्तर सहा तास, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तोंडातून फक्त हवा आली होती. पुढे घरी वडिलांनी विचारलं, किती पडले? काय झालं, असं काही त्यांनी विचारलं नाही. मुलगी रडत आली तर आई तिला जवळ घेऊन विचारते, काय झालं गो. मुलगा आला की विचारायचं, किती पडले. तोही शिकतो, काही झालं तरी आकडाच सांगायचा. हे सगळं मला आठवलं. आणि एवढं आठवूनही मी भाईच्या उत्तरात, माझ्या सुंदर अक्षरात, पुढीलप्रमाणे निकाल दिला.

'मास्तर कळवतात की असल्या पोराच्या डोक्यात भुसा असतो. त्याच्या बापाला सांगावे की वेळीच शाळेतून काढून कामाला लाव.'

"जरा कडक झालं," भाई म्हणाला.

"तुला शिक्षणातलं काय कळतं?" मी म्हटलं.

नंतर भाईला रजा मिळाली आणि तो गावी गेला. त्याच्याबरोबर मी मुलासाठी एक शर्ट दिला. मापाला दुकानदाराचा मुलगा उभा केला होता. भाई नसताना खोली भलतीच मोठी झाली. मी दोन माणसांचा भात टाकायचो आणि उरलेला सकाळी खायचो. एकदा तोझ आलं, म्हणजे तिकडचं धुळीचं वादळ. दोन दिवस दार बंद. मी जुनी पत्रं काढून वाचली. मुलाची नऊ गुणांची पत्रं वाचायला मिनिट पुरलं. भाईच्या बायकोची पत्रं दोन दिवस पुरली. दुसऱ्याच्या बायकोची पत्रं इतक्या आवडीनं वाचणारा माणूस जगात मी एकटाच असेन. पण त्या पत्रांतून कुणीतरी माझ्याशीच बोलतंय, असं मला सारखं वाटत होतं. एकटेपणात माणसाला काहीही वाटतं, असं म्हणून मी ती गुंडाळून ठेवली.

आणि मग घरून पत्र आलं. मुलगा फायनलला दुसऱ्यांदा नापास. मी त्याच दिवशी निळ्या हवाई पत्रावर निर्णय लिहिला. शाळा पुरे. मुंबईला त्याच्या मामाच्या गॅरेजमध्ये पाठवून द्या. इंजिनाला तोंडी परीक्षा नसते. पत्र चिकटवलं आणि ट्रंकेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणून शनिवारी टाकायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी भाई आगबोटीनं परतला. आमसुलं, सुकट, कुळथाची पिठी असं सगळं खोलीभर पसरलं. सगळ्यात शेवटी त्यानं माझा शर्ट काढून माझ्याच मांडीवर ठेवला.

"परत कशाला आणलास?"

"डोक्यातून जाईना. मास्तर, हा दोन वर्सांमागच्या पोराचा शर्ट हाय. तो आता माझ्या कानाला लागतो."

भाई माझ्यापेक्षा उंच. म्हणजे मुलगा माझ्या... मी मनात माप घेत राहिलो.

भाईची नजर ट्रंकेवरच्या निळ्या पत्रावर गेली. "हे काय?"

मी सांगितलं. भाईनं उठून चहा टाकला, दोन पेले भरले आणि समोर येऊन बसला.

"माझ्या बायकोची पत्रं कोण लिहितो, इचारत होतास ना?"

"हो."

"तुझा पोर."

मी हसलो. "अरे, त्याचं अक्षर मी ओळखतो. ताठ असतं."

"तुला लिवताना ताठ असतं. आमच्या पडवीत बसून लिवतो तेव्हा तिरकं. मी बघितलं ना या डोळ्यांनी! ती मासे कापते, हा समोर बसतो. इचारतो, चाची, मग काय झालं? मग म्हातारी काय बोल्ली? ती सांगते, हा लिवतो, मधीच दोघं हसतात. आन शाळेत म्हणं हा मुका!"

चहा हातातच राहिला. आणि मग एकेक पत्र उलट्या दिशेनं आठवायला लागलं.

"तो वरच्या वाडीतला पोर," मी म्हणालो.

"तोच. तुझा निकाल त्यानंच बायकोला वाचून दावला. डोक्यात भुसा, बापाला सांग, सगळं. आवाज हलला नाही, म्हणते ती. तिनं इचारलं, मास्तरांनी असं का लिवलं रे? तर म्हणतो, चाची, त्यांना ठाऊक नाही कोण ते."

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"त्यानं तिला शपथ घातलेली. म्हणला, बाबांना कळलं तर हीपण तपासून पाठवतील."

दोन वर्षं आम्ही बापलेक दुसऱ्याच्या संसारातून एकमेकांशी बोलत होतो. त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तो दर महिन्याला लिहीत होता, कारण तेवढ्या एकाच पत्राला मी गुण देत नव्हतो.

निळं पत्र मी फाडलं. गादीखालचं हेडमास्तरांचं कार्ड काढलं आणि वर्षभरानं त्याला उत्तर लिहिलं. 'घरी बोलतो का ते माहीत नाही. मोहल्ल्यात पडवीवर बोलतो. समोर एकच माणूस असला आणि त्याला खरोखर ऐकायचे असले, की बोलतो. आणखी एक वर्ष द्यावे.' हेडमास्तर शहाणे निघाले. त्यांनी त्याला फळ्याशी उभं करणं बंद केलं. शाळा सुटल्यावर ओट्यावर शेजारी बसवून, आज काय शिकलास ते मला पत्रात लिही, म्हणू लागले. गणितसुद्धा तो पत्रातच सोडवू लागला, असं नंतर ऐकलं. तिसऱ्या खेपेला काठावर पास झाला. त्यात माझा वाटा एवढाच, की मी मधे आलो नाही.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी दुपारी मला मुलाला पत्र लिहायचं होतं. लाल टाक भाईनं चुलीत घातला होता. मी साध्या शाईत लिहायला बसलो आणि तासभर बसूनच राहिलो. चिरंजीवास अनेक आशीर्वाद, एवढ्यावर गाडी अडली. घशात काटा, समोर कोरा कागद, आणि मागून भाई बघतोय. शेवटी कसंबसं लिहून काढलं आणि म्हटलं, पहिल्यांदाच कुणालातरी माझं पत्र ऐकवावं. खाकरून वाचलं.

'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मी येथे कुशल आहे. तुमची कुशलता कळवावी. शाळा सोडू नये. शर्ट लहान झाल्याचे कळले. हवा बरी आहे.'

भाईनं कुळथाची पिठी डब्यात भरता भरता ऐकलं. झाकण लावलं.

"दहात दोन," तो म्हणाला. "तेपण अक्षराचे. अक्षर मला कळत नाही म्हणून."