पातळ पाइप आणि माझा हट्ट

मंगळवारी सकाळपासून आमच्या लातूरच्या घरी लोखंडी कॉट बनवणं चाललं होतं. जूनमध्ये क्लासच्या सहा मुली वरच्या खोल्यांत राहायला येणार आहेत... आमच्या गल्लीत आता घरोघरी हेच.

बालाजी मिस्त्री हातात धरून लोखंड कापायचं बँडसॉ मशीन घेऊन आले होते. आदल्या दिवशी गेटचा भरीव गज त्यांनी मोठ्या दातांच्या ब्लेडने झरझर कापला होता. कॉटच्या पाइपाला मात्र बारीक दातांचं ब्लेड लावलं, आणि काम आपलं सावकाश.

बँकेत चौतीस वर्षं मी लोकांना घड्याळ दाखवत आले, सावकाशपणा मला सोसत नाही. म्हटलं, हे उंदराचे दात लावून दिवाळीपर्यंत कापत बसणार का? कालचं लावा.

"मॅडम, पाइप पातळ हाय," ते म्हणाले. "पत्र्याच्या जाडीत तीन दात तरी बसाय पाहिजेत. मोठा दात अडकतंय न् मोडतंय."

मला शिकवायला निघाले! मग मी माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी काढलं, आमच्या सिस्टर झापायच्या त्याच सुरात. वर मराठीतून, रोजावर आहात म्हणून वेळ काढता, असंही बोलले... चांगलं गल्लीला ऐकू जाईल असं.

त्यांनी मुकाट्याने ब्लेड बदललं. दोन सेकंदांत कडकड आवाज झाला, दातांची रांगच उडाली, पाइपाचं तोंड चेपलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं.

आवाज ऐकून समोरच्या सुनंदाताई आल्या. त्यांच्या हॉस्टेलच्या चाळीस कॉट कोणाला द्यायच्या, हे त्या आमचं काम बघून ठरवणार होत्या. बालाजींनाही ते माहीत होतं.

काय झालं, त्यांनी विचारलं.

"माझाच हात तिरका लागला, ताई," बालाजी म्हणाले.

मी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. सुनंदाताई नुसतं "बरं" म्हणून गेल्या... त्या 'बरं'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

चहा देताना मी विचारलं, खोटं का बोललात? ते सांगू लागले, भूकंपात घर गेलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. नवी घरं बांधायला आलेल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकले.

"उस्ताद सांगायचे, ज्याच्या दारात काम करतो त्याला त्याच्याच दारात खाली बघाय लावू नये."

मी कपाकडे बघत बसले.

सुनंदाताई, काल मी दोनदा तुमच्या गेटपर्यंत येऊन परत फिरले. ब्लेड माझ्या हट्टापायी मोडलं, ते नको म्हणत होते. बारीक दातांनी कापलेले बाकीचे पाइप येऊन बघा आणि मग ठरवा.

हे तुम्हाला एकटीला फोनवरही सांगता आलं असतं. पण मी त्यांना बोलले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं... म्हणून हे गल्लीच्या ग्रुपवर टाकतेय, हेही गल्लीने वाचावं.