स्टुडिओच्या पडद्यावरचं बंदर

भवानीनगरात उसाच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या जोतीराम पेंटरनं समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. ९४ साली मानसिंगनं साखर कारखान्याजवळ फोटो स्टुडिओ काढला आणि मागच्या पडद्यावर बंदर मागितलं: सकाळची वेळ, धुकं, त्यात जहाजं. जोतीराम हरखला. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली. एक तरी चित्र आपलं म्हणावं असं हातून व्हावं, एवढीच त्याची हौस होती.

जहाजांच्या चित्राचं कॅलेंडर पुढ्यात ठेवून त्यानं जहाजं काढली. पण हाताला सवय ट्रॉलीची. लांबून वाचता आलं पाहिजे, हा धंद्याचा नियम. म्हणून प्रत्येक जहाजाला काळी आउटलाइन, खाली लाल शेड. मागचं जहाजही पुढच्याइतकंच ठसठशीत. धुकं बिचारं चुना सांडल्यासारखं दिसत होतं.

"जहाजं हायती का ट्रॉल्या?" बायको शकुबाईनं विचारलं. "कारखान्यावर नंबर लावल्यागत हुबी हायती."

त्याच थंडीत ती त्याला माहेरी, पळसदेवला घेऊन गेली. सकाळी उजनी धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं होतं. जवळची होडी काळी, पलीकडची राखी, त्याच्याही पलीकडची आहे की नाही इतकी फिकी. जोतीराम हातातला चहा विसरला. एकाही होडीला आउटलाइन नव्हती!

घरी येऊन त्यानं पडद्यावर पांढरा फासला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. लांबच्या जहाजाच्या रंगात पांढरा जास्त, ओल्या कडा कोरड्या ब्रशनं विरवायच्या. कितीदा तरी बिघडलं. एकदाचं जमलं, तेव्हा शकुबाई म्हणाली, "बघूनच गार वाटतंय." एवढी शाबासकी त्याला पुरली.

पडदा स्टुडिओत लागल्यावर गिऱ्हाइकांना मात्र फोटो हलल्यासारखा वाटू लागला. लोक पैसे द्यायला कुरकुरले.

"पेंटर, जहाजांना काळी रेघ मार बाबा," मानसिंग म्हणाला. "न्हायतर धंदा बसंल माझा."

पडदा मानसिंगचा. जोतीरामनं रेघा मारल्या. हात सरळ चालला, पण आत तुटत होतं. लोक खूश झाले.

पुढं संक्रांतीला शकुबाई नवं लुगडं नेसली आणि नवऱ्याला जोडीनं फोटो काढायला घेऊन गेली. तो पडद्याकडं बघायलाही तयार नव्हता. तिनं त्याला हाताला धरून मधोमध, काळ्या रेघांच्या जहाजांपुढं उभं केलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

"वयनी, जरा बाजूला सरका," मानसिंग कॅमेऱ्यामागून म्हणाला, "जहाजं झाकत्यात."

"झाकू द्या," शकुबाई म्हणाली. "आमाला धुक्यातला फोटो पायजे."