टाळ्या घेतलेलं वाक्य

माझ्या आत्याला राग येतो, हे सांगायची गरज नाही. तिच्याशी एकदा बोललं की कुणालाही कळतं. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की लोक वॉचमनवर खेकसतात. आत्या खेकसते ती दारावर चिकटवलेल्या पाटीवर. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

“कोण मागतंय क्षमा? पाटी?” ती म्हणते. “खाली नाव घालायला काय हात मोडले होते?”

आणि हीच बाई पोटासाठी काय शिकवते, तर औपचारिक इंग्रजी. तेही मोठ्या माणसांना. लहान मुलांना शिकवायला माया लागते, मोठ्यांना शिकवायला नुसता राग पुरतो, असं तिचं म्हणणं. लग्न केलं नाही, घर दोन खोल्यांचं, भिंतीला एक फळा, आणि रोज सकाळी तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या घालत प्यालेला चहा. बाबा तिच्याहून लहान. ते बोलत नाहीत, कारण त्यांच्या वाट्याचंही तीच बोलून टाकते.

बाबा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होते. त्या कंपनीची मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात, आणि तिथे सगळे अहवाल इंग्रजीत लागायचे. इथल्या मॅनेजरसाहेबांचे अहवाल वाचून तिथले लोक हसतात, असं त्यांच्या कानावर आलं. झालं, सुपरवायझर आणि स्टोअरकीपर मंडळींना कॅन्टीनमध्ये वर्ग सुरू झाला, आणि शिकवायला आत्याला बोलावलं.

तिचा सगळ्यात आवडता धडा कारणांचा. साधं ‘वॉज’ घ्यायचं. त्याच्या अलीकडे जे घडलं ते ठेवायचं, पलीकडे ‘ड्यू टू’ लावून कारण ठेवायचं. उशीर झाला, तो वाहतुकीमुळे. माल भिजला, तो गळक्या छपरामुळे. तराजूसारखं दोन्ही पारडी भरली की वाक्य झालं. मंडळी तिला मागून ‘ड्यूटू मॅडम’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

तिचा एक नियम होता. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. उभं राहायचं आणि आपल्या कामातलं, खरं घडलेलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं. बरोबर आलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. चुकलं तर बरोबर येईपर्यंत उभं. स्टोअरवाले काका बिचारे बहुतेक वेळ उभेच असत. आणि टाळ्या मिळत त्या बाबांच्या खात्याच्या सुपरवायझरला. तो तिचा पट्टशिष्य. रुमालाची घडी घालून वर्गात येणारा, दुसऱ्याचं चुकलं की तिच्याआधी दुरुस्त करणारा.

एक दिवस हा पट्टशिष्य उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “द इन्क्रीज इन प्रॉडक्शन वॉज ड्यू टू द रिमूव्हल ऑफ द गार्ड.” म्हणजे उत्पादन वाढलं, ते यंत्राच्या पात्यापुढची जाळी काढल्यामुळे. टाळ्यांनी कॅन्टीन दणाणलं. पहिली टाळी आत्याची. तिनं क्रियापद तपासलं, शब्दांची जागा तपासली. जाळीकडे तिचं लक्षच गेलं नाही.

जाळी असली की हात पात्यापर्यंत पोचत नाही. पण पुठ्ठा तिला अडकतो, सरळ करत बसावं लागतं, कामाचा वेग पडतो. म्हणून निकडीची ऑर्डर आली की जाळी काढायची आणि तपासणीला कुणी येणार असलं की पुन्हा लावायची, ही त्या कारखान्याची रीत. मग ऑर्डरी रोजच निकडीच्या व्हायला लागल्या.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली ती अशीच, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत जाळी परत जागेवर आली होती.

पुढचं लिहिताना आजही माझ्या अंगाची लाही लाही होते. चौकशी लागली. चूक बाबांची ठरली तर नोकरी जाणार होती, आणि तीन बोटांच्या हाताला यंत्रावर दुसरीकडे कोण उभं करणार होतं? बाबांनी एकच सांगितलं, जाळी नव्हती. मॅनेजरसाहेब म्हणाले, जाळी कायम असते. ज्यांच्याबरोबर बाबांनी इतकी वर्षं डबा खाल्ला, ते सगळे मूग गिळून बसले.

चौकशीला मुख्य कचेरीतून एक अधिकारी बाई आल्या होत्या. जखमी माणसाला घरची माणसं सोबत आणायची मुभा होती, म्हणून आत्या आणि मी गेलो. मॅनेजरच्या खोलीत साहेब, पट्टशिष्य, स्टोअरवाले काका. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पट्टी बांधलेला हात मांडीवर, जणू अपराधी तेच. बाईंनी अहवाल वाचला. “द ॲक्सिडेंट वॉज ड्यू टू द केअरलेसनेस ऑफ द ऑपरेटर.” अपघात झाला, तो कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली मला दिसत होती. पण आवाज शांत होता, आणि आत्याचा आवाज शांत झाला की मला भीती वाटते.

“कुणी लिहिलं हे?”

“मी, मॅडम,” पट्टशिष्य म्हणाला. “काही चुकलंय?”

“एकही चूक नाही.”

आणि तो मेला हसला! माझ्या बापाची बोटं खाल्लेल्या यंत्राबद्दल खोटं लिहून, शाबासकी मिळाली म्हणून हसला. मला वाटलं टेबलावरचं पेपरवेट उचलावं.

“छान आहे,” आत्या म्हणाली. “पण वर्गातलं ते उत्पादनवाढीचं वाक्य याहून सरस होतं. स्टोअरवाल्यांनी केलेलं. काय टाळ्या पडल्या होत्या!”

स्टोअरवाले काका गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. पट्टशिष्याचा चेहरा उतरला.

“स्टोअरवाल्यांचं? नाही मॅडम, ते माझं होतं.”

“तुमचं नव्हे हो. तुमचं ते ट्रक उशिरा आल्याचं. साधंच होतं.”

“मॅडम, काय बोलताय! यांना अजून ‘वॉज’ कुठे घालायचं ते कळत नाही!” तो उठून उभाच राहिला, वर्गात राहायचा तसा, छाती काढून. आणि अख्खं वाक्य म्हणाला. उत्पादन, जाळी काढणं, सगळं. शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

“कुठली जाळी?” अधिकारी बाईंनी विचारलं.

त्यानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पंख्याकडे. तेव्हा स्टोअरवाले काका खुर्चीला धरून उभे राहिले. “माझ्या स्टोअरमध्ये होती ती, खिळ्याला टांगलेली. अपघात झाल्यावर पळत न्यायला आले,” ते म्हणाले. “हे मला इंग्रजीत नाही जमणार.”

“नकोच,” आत्या म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. “मग दुरुस्ती करू ना. अपघात वॉज ड्यू टू जाळी काढणं. काय मॅडम, इंग्रजी बरोबर आहे ना?”

इतका वेळ दाबून धरलेलं तिथे फुटलं. “इंग्रजी बरोबर आहे हो!” ती कडाडली. “फक्त जाळी आपल्या पायांनी चालत स्टोअरमध्ये गेली असं वाटतं! काढली कुणी? काढायला लावली कुणी? आधी आपल्या भाषेत नाव घ्या. या खोलीत घ्या, याच्या हाताकडे बघून घ्या. मग मी त्याचं इंग्रजी करून देते, तेही फुकट!”

पट्टशिष्य खाली मान घालून म्हणाला, “साहेबांनी सांगितलं. मी काढली.” बाईंनी ते लिहून घेतलं आणि आधीचा अहवाल बाजूला ठेवला. निष्काळजीपणा खोडला गेला. बाबांची नोकरी राहणार, हे त्यांनी तिथेच सांगितलं.

बाहेर आलो. मला वाटलं आत्या खुश असेल. ती दात-ओठ खात चालली होती. फाटकापाशी पट्टशिष्य मागून आला, हळूच म्हणाला, “मॅडम, पुढचा वर्ग...?” तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो रुमाल चुरगळत परत फिरला.

बाबा मात्र कितीतरी दिवसांनी हसले. “ताई, काय वाजवलंस गं त्यांना! दे टाळी,” म्हणाले, आणि सवयीनं उजवा हात पुढे केला. पांढऱ्या पट्टीतला.

आत्या थांबली. तो हात तसाच हवेत राहिला.

“डावा कर की पुढे, गधड्या!” ती भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडली, आणि तो उजवाच हात दोन्ही हातांत धरून रडायला लागली. “तुझी बोटं जायच्या आधी मी टाळी वाजवली रे त्याला. सगळ्यांच्या आधी मी वाजवली.”