वहीत नसलेली आत्या

ऑफिसात तिला सगळे फुगेवाली म्हणत. कॉमिकमधल्या माणसांच्या तोंडाशी जे पांढरे फुगे असतात, त्यांतली अक्षरं काढायचं काम तिचं. लेखक मनाला येईल तेवढं लिहायचे आणि फुग्यात मावेल तेवढंच मावायचं. मग ती गुपचूप दोन शब्द गाळायची, एखादा बदलायची. अकरा वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा संपादकाने तिला बोलावून घेतलं.

ती चपराक खायच्या तयारीने उभी राहिली. संपादक म्हणाला, "लेखक नोकरी सोडून गेलाय. आता गाळत बसू नकोस, अख्खंच लिही."

कॉमिक होतं एका गाजलेल्या सिनेमातल्या अंतराळकप्तानाचं. सिनेमा एका बड्या कंपनीचा. त्या कंपनीच्या परवानगीने हे लोक कॉमिक काढायचे आणि प्रत्येक पान छापण्याआधी कंपनीच्या परवाना कार्यालयात तपासायला जायचं. लेखक का पळाला, ते फुगेवालीला पहिल्याच दिवशी कळलं. तिच्या टेबलावर कंपनीच्या नियमांची एकशे चाळीस पानांची वही येऊन पडली. कप्तान हेल्मेट काढत नाही. कप्तान रडत नाही, लग्न करत नाही, म्हातारा होत नाही, हरत नाही.

"मग हा करतो काय?" तिने विचारलं.

"जिंकतो," संपादक म्हणाला.

वर्षभर तिने त्याला जिंकवला. एकदा धुळीने भरलेल्या चंद्रावर उतरताना तिने त्याला जरासा ठसका लावला, तर पान लाल शाईने रंगून परत आलं: 'कप्तान खोकत नाही.' शेजारच्या टेबलावरचा चित्रकार म्हणाला, "आपण कप्तानाच्या नाही, हेल्मेटच्या नोकरीत आहोत." तो हसला, पण तिला हसू आलं नाही. अकरा वर्षं ज्या खुर्चीकडे डोळे लावून बसलो, ती मिळाली, आणि आता हात बांधून बसायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

घरी ती आणि तिची आत्या अशा दोघीच. आत्याने तिला लहानाची मोठी केली होती आणि ते करता करता बस डेपोच्या सुट्या भागांचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळलं होतं. एका रविवारी फुगेवाली वही पुढ्यात घेऊन बसली होती. आत्या समोर मटार सोलत होती.

"हा तुझा कप्तान यान चालवतो ना गं?"

"हो."

"बिघडलं की सामान कुठून आणतो?"

फुगेवालीने वही चाळली. सुट्या भागांचं नाव कुठे नव्हतं.

"एवढं मोठं यान आणि स्टोअर नाही?" आत्याला ते खरंच लागलं. "अगं, ड्रायव्हरची सगळी ऐट स्टोअरवाल्याच्या जिवावर असते. सही केल्याशिवाय मी कुणाला साधा बोल्ट दिला नाही. मोठ्या साहेबालासुद्धा नाही."

फुगेवाली आत्याकडे बघतच राहिली. वहीत जे आहे, त्याला हात लावायची बंदी. पण जे वहीतच नाही, त्याला कोण बंदी घालणार?

पुढच्या अंकात कप्तानाचं यान एका फडतूस चंद्रावर अडकलं. तिथे एक गोदाम आणि गोदामात एक रुंद बांध्याची बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वाजवून बघितलं की कुठला भाग किती दिवस टिकेल ते सांगणारी. सगळे तिला आत्या म्हणायचे. कप्तानाने ऐटीत इंजिनाची झडप मागितली. तिने वर न बघता रजिस्टर पुढे सरकवलं. "सही." कप्तानाला हरवायला बंदी होती, पण सही करायला लावायला नव्हती. परवाना कार्यालयाचा शेरा आला: 'पात्र किरकोळ आहे. हरकत नाही.'

त्या 'किरकोळ' शब्दाने फुगेवालीला अख्खं रान मोकळं करून दिलं. दर अंकात कप्तान ठरल्याप्रमाणे जिंकायचा आणि मधल्या चार पानांत गोदामातल्या आत्याचं आयुष्य पुढे सरकायचं. तिने एकदा चुकीची झडप दिली आणि दोन माणसं जायबंदी झाली. ती त्यांच्या उशाशी जाऊन बसली आणि चूक माझी म्हणाली. भावाशी भांडली, अबोला धरला. केस पिकले. डोळ्याचं ऑपरेशन झालं. चित्रकार, जो कप्तानाचं हेल्मेट झोपेतही काढू शकला असता, तो आत्याच्या हातावरच्या शिरा काढायला दोन-दोन दिवस घेऊ लागला.

घरच्या आत्याने पहिला अंक वाचून एवढंच विचारलं, "मी इतकी रुंद आहे?"

वाचकांची पत्रं येऊ लागली. कप्तानाच्या पत्रांत लोक इंजिनाची ताकद विचारायचे. आत्याच्या पत्रांत विचारायचे, तिचा भाऊ परत बोलतो का? एका नर्सने लिहिलं होतं, 'माझ्याकडूनही चूक झाली होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती. हा अंक वाचून सांगितली.' ते पत्र फुगेवालीने घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

अशी चार वर्षं गेली. मग परवाना कार्यालयाचं पत्र आलं. पन्नासाव्या अंकात वाचकांना धक्का द्यायचा होता. सिनेमातलं कुणी मरून चालणार नव्हतं. तेव्हा गोदामवाल्या बाईला मारावं. पात्र किरकोळ असल्याने अडचण नसावी.

फुगेवालीने पत्र दोनदा वाचलं आणि संपादकाला म्हणाली, "मला तिथे घेऊन चला."

"बरं, पण तिथे तोंड सांभाळ," संपादक म्हणाला.

परवाना कार्यालय सातव्या मजल्यावर. भिंतीभर फळ्यांवर कप्तानाच्या बाहुल्या, सगळ्या एकाच ऐटीत. अधिकारीबाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. फुगेवालीने पत्रांनी भरलेली पिशवी टेबलावर रिकामी केली.

बाईंनी पाच-सहा पत्रं मन लावून वाचली. "लोकांचा जीव आहे हिच्यावर. म्हणूनच तर धक्का बसेल."

फुगेवालीने जे ढाल म्हणून आणलं, तेच तिच्यावर उलटलं होतं. "मी नाही लिहिणार," ती कशीबशी म्हणाली. "ती माझी आहे."

बाईंनी शांतपणे करार काढला. "ती तुमची नाही. या कॉमिकमध्ये जे जे पात्र जन्माला येतं, ते कंपनीचं. कलम नऊ. तुमची सही आहे खाली."

फुगेवालीला कलम माहीत होतं. चार वर्षं तिने ते मनाच्या मागच्या खोलीत टाकून दार लावून घेतलं होतं. आता ते मोठ्याने ऐकलं, आणि ऐकता ऐकता तिला दुसरंच काही आठवलं.

"म्हणजे आत्या कंपनीची?"

"पहिल्या दिवसापासून."

"कप्तानासारखीच?"

"कप्तानासारखीच."

"मग वहीचं तिसरं पान काढा."

बाईंनी वही उघडली. फुगेवालीला ते पान तोंडपाठ होतं. 'कंपनीच्या मालकीचे कोणतेही पात्र कॉमिकमध्ये मरणार नाही.'

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ओळ पुन्हा वाचली. "पण ही बाई वहीत नाही."

"तो वहीचा दोष. तिचा नाही."

बाई फाइल घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. वीस मिनिटं दोघं त्या बाहुल्या मोजत बसली. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "ती जगेल. पण मग तिला वहीत घ्यावं लागेल. तिचं पान तुम्हीच लिहून द्या."

लिफ्टमध्ये संपादकाचा आनंद मावत नव्हता. फुगेवाली मात्र म्हणाली, "वहीत गेली म्हणजे गोठली. उद्यापासून तिलाही खोकता येणार नाही."

दोन दिवस ती कोऱ्या पानासमोर बसून होती. पानावर छापील रकाना होता: 'न बदलणाऱ्या गोष्टी'. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने एका दमात लिहिलं: 'ही बाई बदलते, एवढं बदलणार नाही. तिचं वय दरवर्षी एकाने वाढतं. ती चुकते आणि कबूल करते. अनुभवाने तिचं मत पालटतं. एका अंकात ती जशी होती, तशीच पुढच्या अंकात दाखवल्यास ते नियमाचं उल्लंघन समजावं.'

"हे पास होणार नाही," संपादक म्हणाला.

पाचव्या दिवशी पान शिक्क्यासह परत आलं. एकच दुरुस्ती होती. 'समजावं' खोडून 'समजण्यात येईल' केलं होतं.

पन्नासाव्या अंकात आत्या भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. लोकांना धक्का बसायचा तो त्यानेच बसला. अंक पुन्हा छापावा लागला. वर्षाच्या आत गोदामवाल्या आत्याचं स्वतंत्र कॉमिक निघालं आणि त्याच्या मुखपृष्ठावर, सोळा वर्षांत पहिल्यांदा, फुगेवालीचं नाव लागलं. चित्रकाराने ते नाव स्वतः हाताने काढलं आणि तिला हात लावू दिला नाही.

पुढे सिनेमावाल्यांनीही आत्याला घेतलं. पटकथेत तिला पस्तिशीची, नटवी आणि हसवणारी केली होती. परवाना कार्यालयातल्या बाईंनी ती पटकथा परत पाठवली. शेरा होता: 'आत्या बासष्ट वर्षांच्या आहेत. पान एकशे एक्केचाळीस पाहावे.' बाईंनी त्याची एक प्रत फुगेवालीला पाठवली, सोबत काही न लिहिता.

आत्या कागदोपत्री आजही कंपनीची आहे, हे फुगेवाली कुणापासून लपवत नाही. नवीन लेखकांना ती कलम नऊ मोठ्याने वाचून दाखवते आणि मग म्हणते, आता वही नीट वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत.

सध्या ती जो अंक लिहितेय, त्यात चौसष्ट वर्षांची आत्या यान चालवायच्या परीक्षेला बसली आहे. परवा चित्रकाराने पेन्सिलीला टोक काढता काढता विचारलं, "पास होते का नापास?"

"अजून ठरलं नाही," फुगेवाली म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून लिहायला बसली.