पिपावाले मामाजी

घाईत असलेल्या माणसाला पिपावाले मामाजी माणूस समजत नसत. कुणी भराभर जेवलं, कुणी एस.टी.मागे धावलं, की समोरच्यानं आपल्या अंगणात थुंकल्यासारखं तोंड वाकडं करायचे. ‘जाऊन कोनते दिवे लावनार हाय?’ एवढं विचारायचे आणि मान फिरवायचे. त्यांनी स्वतः बसल्या जागी कोणते दिवे लावले होते, हे मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती.

नात्यानं ते माझे मोठे मामाजी, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. मी तुमसरहून लग्न होऊन सिहोऱ्यात आले ती चौऱ्याहत्तर साली. सासरे त्याआधीच गेलेले. घरात सासूबाई, आमचे हे आणि मामाजी. त्यांची बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच वारली होती आणि त्यांनी पुन्हा बोहल्यावर पाय ठेवला नव्हता. शेतीचं बघायचे म्हणे. बघायचेच; हात लावताना मी फारसं पाहिलं नाही. पहिल्या आठवड्यातच हा माणूस माझ्या मनातून उतरला.

त्यांचं सगळं कर्तृत्व एका पिप्यात मावत होतं. वनस्पती तुपाचा रिकामा पत्र्याचा पिपा, खाली एका बाजूला भोक पाडलेलं. मधोमध लाटणं उभं धरायचं, भोकातून एक दांडकं आत सरकवायचं आणि भोवताली धानाचं तूस ठासून ठासून भरायचं. मग लाटणं आणि दांडकं हलक्या हातानं काढून घेतलं की आत बोगदा तयार. खालून पेटवलं की ते तूस आठ-दहा तास धुमसत राहतं, त्याच्याकडे पाहावंही लागत नाही. आमचे हे तुमसरच्या राइस मिलमध्ये होते, त्यामुळे तुसाला तोटा नव्हता. पिपा भरायला मामाजींना पाऊण तास लागायचा. तेवढ्या वेळात मी अख्खा स्वयंपाक उरकत असे, आणि तसं मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतही असे.

सासूबाईंच्या गळ्यात माळ होती, म्हणून मटण चुलीवर चालायचं नाही. ते अंगणात, वेगळ्या भांड्यात, पुरुषांनीच करायचं. मामाजींचा रविवारचा बेत ठरलेला: बोकडाचं हाडासकट मटण आणि वालाचे दाणे. आमच्याकडे त्या वालाला पोपट म्हणतात. आदल्या दिवशी भिजवलेले दाणे, मटण, कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं आणि धणे असं सगळं मातीच्या गाडग्यात भरून, झाकणाची कड कणकेनं लिंपून, ते गाडगं सकाळी सहाला पिप्यावर चढायचं. मी मदतीला गेले तर हाकलून द्यायचे. ‘बाईच्या हातचं मटन म्हंजे रडत रडत शिजवलेलं. आंधी पानी, मंग मीठ, मंग अजून पानी.’

जेवायला किती वाजता बसायचं हे घड्याळावर नव्हतं. मधून मधून ते गाडग्याजवळ उकिडवे बसत आणि झाकणाला कान लावत. आत कसला आवाज येतो आणि तो कधी बदलतो, हे म्हणे त्यांनाच कळायचं. रविवारी अंगणात बसून गाडग्याची नाडी पाहणारा तो म्हातारा पाहिला की माझं डोकं उठायचं. भुकेनं पोटात कावळे ओरडायला लागले तरी विचारायची चोरी. एकदा यांनी विचारलं, तर म्हणाले, ‘भूक तुह्या पोटाले लागली का घड्याळाले?’ दोन वाजता गाडगं उघडायचं. दाणा बोटानं दाबला की लोण्यासारखा पसरायचा, मटण हाडावरून आपसूक सुटायचं. चव अप्रतिम असायची. मी मात्र ‘ठीक आहे’ याच्या पुढे कधी गेले नाही.

माझ्या भावानं आहेरात प्रेशर कुकर दिला होता. गावात तेव्हा असे दोन-तीनच असतील. पहिली शिट्टी झाली तेव्हा मामाजी पडवीतून उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, कुकरकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘शिटी त रेलगाडीबी मारते. तिच्यात कोनी डाळ शिजवते का?’ त्या दिवशी त्यांनी डाळीला स्पर्श केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी कुकर फळीवर ठेवला तो ठेवलाच. आता माणसानं चिडू नये तर काय करावं?

माझं लग्नाआधी डी.एड. झालं होतं. मुलगी दीड वर्षाची असताना शेजारच्या गावच्या शाळेवर नेमणूक झाल्याचा कागद आला. चालत तासाभराची वाट. मला ती नोकरी जिवापलीकडे हवी होती, कारण त्या घरात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सासूबाईंसाठी ‘पोरीची माय’, मामाजींसाठी ‘तुमसरवाली’. शाळेत निदान हजेरीपटावर माझं नाव असणार होतं. सासूबाई म्हणाल्या, घर कोण पाहील? मामाजी विड्याला चुना लावत म्हणाले, ‘जाऊ दे तिले. घरी राहून तरी कोनता मोठा सयपाक करते.’

परवानगी अशीही देता येते, हे मला तेव्हा कळलं. अपमान गिळून मी रुजू झाले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे अंगणात दुसरा पिपा भरलेला दिसायला लागला, रोजच्या डाळीसाठी. मी नऊला निघायचे, डाळ आपली आपण शिजायची, सासूबाईंना चुलीपाशी बसावं लागायचं नाही. ‘माह्यासाठी करतो. तुही घाईची डाळ खाऊन माह्या पोटाची वाट लागली,’ असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं. माझाही त्यावर विश्वास बसला, कारण तो बसवून घेणं मला सोयीचं होतं.

ती नेमणूक तात्पुरती होती. अडीच वर्षांनी तपासणीला एक साहेब येणार म्हणून निरोप आला. तपासणीच्या दिवशी साहेबाचं जेवण कुणातरी शिक्षकाच्या घरी, हा रिवाज. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘यंदा जेवण तुमच्याकडे, त्या दिवशी तुम्ही घरीच थांबा. साहेब खूश झाले तर तुम्ही इथंच राहाल. त्यांना झणझणीत, आंबट असं आवडतं. एक वाजता पान वाढलं गेलं पाहिजे, नंतर त्यांची गाडी आहे.’ इथून हलवलं तर घरचे नोकरी सोडायला लावणार हे मला लख्ख ठाऊक होतं. दूरच्या गावी एकटी बाई आणि लहान पोर, कोण पाठवणार?

मामाजींनी त्या दिवशी गाडगं नेहमीपेक्षा तासभर आधी चढवलं. ‘एक वाजता उघडन,’ म्हणाले. त्यांनी वेळ सांगितल्याचं ते पहिलंच उदाहरण. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांची भाजी मला मिळमिळीत वाटायची. माझ्या माहेरी मटणात चिंच असायची. दहाच्या सुमारास मामाजी तलावावर आंघोळीला गेले. मी चाकूनं कणीक फोडली, वाटीभर चिंचेचा कोळ आत ओतला, ढवळला आणि नवीन कणीक लावून टाकली. चार इयत्ता शिकवणारी बाई मी, पण अर्धवट शिजलेल्या वालात आंबट पडलं की दाणे हट्टाला पेटतात आणि मग मऊ होता होत नाहीत, एवढं मला ठाऊक नव्हतं. तुमसरला माझी आई चिंच शेवटी घालायची. मी कधी बघितलंच नव्हतं.

मामाजी आले, गाडग्याजवळ बसले. कडेची कणीक ओली होती. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं, ते बोट हुंगलं, मग झाकणाला कान लावला. पुष्कळ वेळ तसेच बसले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी घागर उचलून आत गेले.

साहेब एक वाजता आले. दीड झाला, दोन झाले. साहेब मनगटावरचं घड्याळ पाहत होते, मुख्याध्यापक साहेबांकडे पाहत होते आणि मी कुणाकडेच पाहत नव्हते. शेवटी साहेबांनी आवाज चढवला, ‘काय हो बाबा, अजून किती?’ ज्या माणसानं उभ्या जन्मात आपलं चुकलं असं म्हटलं नव्हतं, तो हात जोडून म्हणाला, ‘माहा अंदाज चुकला, साहेब. तूस ओलं निंघालं.’ तूस खडखडीत कोरडं होतं. मी स्वतः पोतं उघडलं होतं.

तीनला पानं वाढली. साहेबांनी पहिल्याच घासाला दाणा दाताखाली कडकन फोडला. ‘बाबा, हे वाल आहेत की नदीतले खडे?’ सगळे हसले, मुख्याध्यापक सर्वांत मोठ्यानं. मामाजी हातात पळी घेऊन उभे होते. ‘म्हातारपन, साहेब. हात राह्यला नाई आता,’ ते म्हणाले. मी पाणी वाढत होते. साहेबांचा पेला पुन्हा भरला. त्या क्षणी मी साहेबाचा तिरस्कार केला, मुख्याध्यापकाचा केला, आणि माझी नीच बुद्धी अशी की मामाजींचाही केला, त्यांनी मला बोलायची पाळीच येऊ दिली नाही म्हणून.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. साकोलीच्याही पलीकडे, नागझिऱ्याच्या जंगलाकडचं एक गाव. सासूबाई थोरल्या दिराशी थेट बोलत नसत. त्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, ‘याहिच्या पिप्यानं घात केला सुनेचा.’ आमचे हे जमिनीकडे पाहत म्हणाले, ‘राजीनामा देऊन टाक.’ खरं सांगायला माझं तोंड उघडेना. लाज होतीच, पण भीती जास्त होती. मी खरं बोलले असते तर राजीनामा तिथल्या तिथे लिहून घेतला असता.

‘राजीनामा कायले?’ मामाजी म्हणाले. ‘मी जातो हिच्यासंगं. पोरीले मी पाहीन.’

‘तुम्ही?’ हे म्हणाले. मामाजी तोवर भंडाऱ्याच्या पुढे कधी गेले नव्हते.

‘मंग का तू जातं?’

आमचे हे दुसऱ्या दिवशी साकोलीच्या एस.टी.ची वेळ विचारून आले. 

एस.टी.त मामाजी खिडकीशी बसले, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला पिपा. कंडक्टरनं पिप्याचं वेगळं तिकीट मागितलं. ‘तुसाच्या डब्याले तिकीट मागते. खाकी घातली का अक्कल घरी ठेवा लागते का?’ असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, आणि तिकीट काढलं. साकोली सुटल्यावर दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं. बऱ्याच वेळानं ते बाहेर पाहत म्हणाले, ‘इकडे चिंचा लय असतेत म्हन्ते. मले चालत नाई, पयलेच सांगतो.’ माझी मुलगी मांडीवर झोपली होती. मी तिच्या अंगावरचा पदर उगीच सारखा करत बसले.

त्या गावात आम्ही एका खोलीत सहा वर्षं काढली. गाव त्यांना एक दिवस आवडलं नाही. तिथलं धान बारीक, तिथली माणसं त्याहून बारीक, तिथला गूळ काळा. तुसाची पोती आणायला दर पंधरवड्याला साकोलीला जायचे आणि प्रत्येक वेळी नव्या कंडक्टरशी भांडून यायचे. दुपारी मुलीचं बोट धरून माझा डबा शाळेत आणत. आत येत नसत. बाहेर झाडाखाली उभे राहून माझं शिकवणं ऐकत आणि संध्याकाळी त्याची चिरफाड करत. ‘एवढी वरडते काहून? पोट्टे का बहिरे हायेत?’ मी हळू बोलायला लागले. पोरं खरंच जास्त ऐकायला लागली. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडी त्यांना दम लागायला लागला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. यांना कळवलं, ते येऊन बसले. मी रजा टाकून खाटेपाशी होते. वार्षिक परीक्षा सुरू होती आणि माझ्या शाळेत मी धरून दोनच शिक्षक. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले.

‘तू इथं का करून राहिली?’

‘रजा घेतली, मामाजी.’

‘परीक्षा सोडून? पोरायचे पेपर कोन घेईन, तुहा नवरा? तो त आपली सही बी धड करत नाई.’

हे शेजारीच उभे होते. मी उठले नाही. सहा वर्षं जे गिळलं होतं ते आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हणाले, ‘मामाजी, त्या दिवशी ते साहेब जेवायला आले होते, तेव्हा गाडग्यात मी…’

‘बस सुटन तुही,’ ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी गेले. नातेवाइकांनी मागाहून तोंडाला येईल ते म्हटलं, सख्ख्या सासऱ्यासारखा माणूस मरायला टेकलेला आणि ही शाळेत. म्हणोत. दुसऱ्या दिवशी चौथीचा गणिताचा पेपर होता. साडेबाराला हे शाळेच्या दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पेपर संपायला अर्धा तास होता. मी यांना हातानं थांबायला सांगितलं, पोरांचा अर्धा तास त्यांना पुरा दिला, पेपर मोजून बांधले, आणि मग पायरीवर बसून रडले.